वेगवान लोहमार्ग आणि आपली जमीन
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस ‘बुलेट ट्रेन’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. आम्ही पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेले शाळामास्तर. यंत्रशास्त्रात आमची गती नाही. परंतु ज्या जिल्ह्यात शकुंतला धावली, त्या जिल्ह्यातील माणसास रेल्वेच्या वेगाविषयी बोलण्याचा थोडा अधिकार असावा.

शकुंतलेचा रूळ अडीच फुटी. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक-निक्सन कंपनीने तो घातला, तो तुमच्याआमच्या सोयीसाठी नव्हे. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जावा म्हणून. 1921 साली मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन 1994 पर्यंत या मार्गावर राबले. पुढे डिझेलचे इंजिन आले, तरी यवतमाळ ते मुर्तिजापूर या सुमारे 113 किलोमीटरांस तास मोजावे लागत ते लागतच. आता तर ती गाडी बंदच आहे. इंजिन बदलूनही वेग का वाढला नाही? कारण वेग जितका इंजिनात असतो, त्याहून अधिक तो मार्गात असतो.

जपानने हे प्रथम ओळखले. तेथील जुना रूळ साडेतीन फुटी होता. त्यावर नवे इंजिन चढविण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी टोकियो ते ओसाका असा 515 किलोमीटरांचा अगदी स्वतंत्र, रुंद मार्ग बांधला. 1 ऑक्टोबर 1964 रोजी त्यावर ताशी 210 किलोमीटर वेगाची गाडी सुरू झाली. वाटेत फाटक एकही नाही आणि वळणाची त्रिज्या सामान्यतः 2500 मीटरांहून कमी नाही. विद्यार्थ्यांनी कागदावर वर्तुळ काढून पाहावे. पाच किलोमीटर व्यासाच्या त्या वर्तुळात यवतमाळ शहराचा बराच भाग मावेल!

आपल्या देशातील असा पहिला मार्ग मुंबई ते अहमदाबाद, 508 किलोमीटरांचा. 14 सप्टेंबर 2017 रोजी त्याची कोनशिला बसली. वेग ताशी 320 किलोमीटर, स्थानके बारा, त्यांपैकी महाराष्ट्रात चार. मार्गाचा बहुतेक भाग खांबांवरून जातो. दोन खांबांवर ठेवावयाची चाळीस मीटर लांबीची एकेक तुळई सुमारे 970 टनांची. ती अखंड ओतून, यंत्राने उचलून जागेवर बसवितात. ठाण्याच्या खाडीखालून सात किलोमीटरांचा बोगदा आहे. 1853 साली बोरीबंदराहून निघालेली पहिली गाडी ठाण्यापर्यंतच गेली होती, हे येथे सहज आठवते. खर्चाचा प्रारंभीचा अंदाज 1 लाख 8 हजार कोटी रुपयांचा; त्यातील मोठा वाटा जपानचे पन्नास वर्षांच्या मुदतीचे अल्प व्याजाचे कर्ज.

परंतु सर्वांत अवघड काम तुळईचे ठरले नाही, जमिनीचे ठरले. सुमारे 1390 हेक्टर जमीन पुरती हाती येण्यास जानेवारी 2024 उजाडला. पालघरकडील आदिवासी बांधवांनी विरोध केला, तेव्हा काही शहाण्यांनी त्यांस प्रगतीचे वैरी ठरविले. आम्हांस ते मान्य नाही. सावकाश जाणारी गाडी एखाद्याच्या विहिरीस वळसा घालू शकते. ताशी 320 किलोमीटरांच्या गाडीस तो घालता येत नाही. आखलेल्या रेषेवर ज्याचे शेत आले, त्याने ते द्यायचे, आणि गाडी मात्र त्याच्या गावी थांबायची नाही. अशा माणसाने दोन प्रश्न विचारले तर त्यात गैर ते काय?

हा प्रश्न आपल्याही दाराशी आला आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा 284 किलोमीटरांचा मार्ग काही बुलेटचा नव्हे. तरी रुंद रुळाचा आहे व त्यासही जमीन लागतेच. 28 फेब्रुवारी 2024 रोजी वर्धा ते कळंब गाडी सुरू झाली. पुढे यवतमाळ, दिग्रस, पुसद, उमरखेड. हा मार्ग व्हावा, लवकर व्हावा, असेच आम्ही म्हणू. मुंबईच्या वेगाचा हेवा करण्यापेक्षा नांदेडची गाडी कधी पोहोचते याची विचारणा अधिक अगत्याची आहे.

मात्र मोबदला जातो तो सातबाऱ्यावरील नावास. आपल्या कित्येक घरी सातबारा अजून आजोबांच्याच नावे आहे. आजोबा निवर्तून वीस वर्षे लोटली. नोटीस आल्यावर भाऊ भावाकडे पाहू लागतो, आणि सासरी गेलेल्या बहिणीचे नाव तर ऐनवेळी कोणासच आठवत नाही. कायद्याने तिचाही वाटा आहे. तो दडवून केलेली वाटणी पुढे कोर्टात उभी राहते, मग पैसे तेथेच अडकतात. म्हणून नोटिशीची वाट न पाहता वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्यावा; सोबत मृत्यूचा दाखला व सर्व वारसांची, मुलींसह, नावे जोडावी. फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा स्वतः वाचून पाहावा. नावातील एका अक्षराची चूकही पुढे त्रास देते.

ज्यांस अर्ज लिहिण्यास साहाय्य हवे असेल, त्यांनी भोजनोत्तर व्यासपीठाच्या डाव्या बाजूस यावे. कोरे कागद आम्ही बरोबर आणले आहेत.