हळू गाडीतली खडखड
ताशी २०-३० किलोमीटर वेगाने खड्ड्यातून जाताना पुढच्या चाकाजवळ खडखड ऐकू आली, तर आधी स्टॅबिलायझर लिंक, म्हणजे सस्पेन्शनमधली छोटी जोडदांडी, तपासून घ्या. तिच्या टोकाचा बॉल जॉइंट झिजला की सांधा खिळखिळा होतो आणि प्रत्येक धक्क्याला वाजतो. वेग वाढला की टायर आणि वाऱ्याच्या आवाजात ही खडखड बुडते. दोष मात्र तसाच राहतो. ब्रेक हलकेच दाबताच आवाज थांबला, तर ब्रेक पॅड सैल असू शकतात. उभ्या गाडीतही पत्रा थरथरल्यासारखा आवाज आला, तर सायलेन्सरजवळचे उष्णतारोधक पत्रे बघा. मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर आवाज ऐकवा. सोबत स्टिअरिंगही सैल वाटले, तर गाडी लगेच दाखवा. तिथे हयगय जिवावर बेतू शकते.