पगार बुडवणाऱ्याचा गृहप्रवेश आणि हबक्कूकची तक्रार

आजचा भाग मी दोनदा रेकॉर्ड करून डिलीट केलाय. कारण गोष्ट माझ्याच घरातली आहे.

माझा धाकटा भाऊ एका ठिकाणी कामाला होता. चार महिने पगार मिळाला नाही. दर वेळी एकच, "पुढच्या आठवड्यात नक्की." शेवटी त्याने काम सोडलं. मग एका रविवारी आम्ही उपासनेला निघत होतो, तेव्हा त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. मालकाचा स्टेटस. नवीन बंगल्याचा गृहप्रवेश, दाराला झेंडूची तोरणं, आणि खाली लिहिलेलं, 'सगळी देवाची कृपा.'

भाऊ म्हणाला, "ताई, कृपा त्याच्यावर, आणि आपण आईची औषधं उधारीवर आणतोय. तुझा देव बघतोय ना हे?"

मी पटकन म्हणाले, "अरे, देव सार्वभौम आहे, सगळं त्याच्या हातात आहे." वाक्य खरंच आहे. पण मी ते त्याला गप्प करायला वापरलं. त्याने चपला काढल्या आणि आत जाऊन झोपला. त्या दिवशी तो आला नाही.

म्हणून आज हबक्कूक. जुन्या करारात नहूम आणि सफन्या यांच्या मध्ये हे छोटंसं पुस्तक आहे, तीनच अध्यायांचं. स्क्रोल करताना सहज निसटून जाईल इतकं लहान. बाकीचे संदेष्टे बहुतेक वेळा देवाचं म्हणणं लोकांना सांगतात. हा माणूस लोकांचं गाऱ्हाणं घेऊन देवासमोर उभा राहतो. सुरुवातच तक्रारीने आहे: मी किती दिवस ओरडायचं, आणि तू ऐकत का नाहीस?

थोडा काळ समजून घेऊ. इ.स.पू. ६०९ मध्ये यहूदाचा भला राजा योशीया मगिद्दो इथे लढाईत मारला गेला. त्याच वर्षात त्याचा मुलगा यहोयाकीम गादीवर आला. हबक्कूकच्या पुस्तकात कुठल्या राजाचं नाव नाही, पण पुष्कळ अभ्यासक त्याला याच काळात ठेवतात. आता यिर्मयाचा २२ वा अध्याय उघडा. तिथे या यहोयाकीमबद्दल लिहिलंय की त्याने स्वतःसाठी ऐसपैस वाडा बांधला, मोठ्या खिडक्या, गंधसरूचं लाकूड, वर तांबडा रंग. आणि ज्यांनी तो बांधला त्यांना मजुरी दिली नाही.

हे वाचलं तेव्हा मी थांबले. अडीच हजार वर्षांहून जुना गृहप्रवेश!

बरं, हबक्कूकच्या तक्रारीला देव उत्तर देतो. पण काय उत्तर? मी खास्दी लोकांना आणतोय, म्हणजे बाबेलचं सैन्य. विचार करा, चोराची तक्रार घेऊन गेलो, आणि समोरून सांगितलं की दरोडेखोर पाठवतोय. हबक्कूक ते मुकाट्याने ऐकून घेत नाही. तो पुन्हा भांडतो. तू इतका पवित्र, मग दुष्ट माणूस आपल्यापेक्षा बऱ्या माणसाला गिळतो तेव्हा तू शांत कसा? हा शत्रू तर माणसांना माशांसारखा जाळ्यात ओढतो, आणि वर त्या जाळ्याचीच पूजा करतो. (तो स्टेटस आठवला ना? मलाही.)

आणि एक गोष्ट नीट बघा. एवढं बोलूनही देव त्याला 'तू अविश्वासू आहेस' असं कुठेही म्हणत नाही. आपल्याकडे मंडळीत कुणी असं बोललं तर चार जण लगेच समजवायला धावतात. मीसुद्धा धावले होते.

मग हबक्कूक पहाऱ्याच्या बुरुजावर जाऊन वाट बघत उभा राहतो. दुसऱ्या अध्यायात उत्तर येतं. पाट्यांवर स्पष्ट लिहून ठेव, याची वेळ ठरलेली आहे, उशीर वाटला तरी थांब. आणि मग बाबेलवर एकामागून एक पाच वेळा 'हाय हाय' उच्चारली जाते. म्हणजे देवाने बाबेलचा वापर केला, पण बाबेलला क्लीन चिट दिली नाही. सार्वभौमत्व म्हणताना आपण इथेच गल्लत करतो. एखादी गोष्ट देवाच्या हाताबाहेर नाही, याचा अर्थ ती त्याला पसंत आहे असा होत नाही. लुटीच्या पैशाने घर बांधणाऱ्याबद्दल तिथे म्हटलंय की त्या घराच्या भिंतीतला दगडच ओरडेल आणि छताचं लाकूड त्याला उत्तर देईल. मजुराचं तोंड बंद करता येतं. भिंतीचं कसं करणार?

आता अवघड भाग. यरुशलेम इ.स.पू. ५८६ मध्ये पडलं, मंदिर जळलं. बाबेल पडलं ५३९ मध्ये, पारसाच्या कोरेश राजापुढे. यहोयाकीम गादीवर आल्यापासून मोजलं तर सत्तर वर्षं. हबक्कूकने ते बहुधा पाहिलंच नसेल. खरं सांगू? मला हे आवडत नाही. मला न्याय या महिन्यात हवाय, भावाच्या खात्यात.

हबक्कूकलाही सोपं गेलं नाही. तिसऱ्या अध्यायात तो सांगतो की ऐकून अंग थरथरलं, ओठ कापले. आणि त्याच थरथरत्या ओठांनी तो म्हणतो, अंजीर, द्राक्षं, जैतून, शेत, मेंढरं, गुरं, सगळं गेलं तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. आपल्या भाषेत, सोयाबीन गेलं, गोठा रिकामा, बॅलन्स शून्य. संकट येणार नाही असं तो म्हणत नाही. देव माझा आहे, एवढंच धरून राहतो. आणि शेवटी वाजवणाऱ्यांसाठी सूचना आहे, तंतुवाद्यांवर गायचं. म्हणजे ही त्याची खाजगी डायरी नाही, सगळ्यांनी मिळून गायचं गाणं आहे.

मी भावाची माफी मागितली. एका रात्री आम्ही दोघांनी पहिला अध्याय वाचला. तो म्हणाला, "हा तर माझ्यासारखंच बोलतोय." मग आम्ही बसून त्याचे पगाराचे मेसेज आणि हजेरीचे फोटो गोळा केले आणि कामगार कार्यालयात अर्ज दिला. कुणीतरी मला विचारलं, "देवावर भरवसा आहे तर अर्ज कशाला?" अहो, हबक्कूकलाही स्पष्ट लिहून ठेवायलाच सांगितलं होतं!

पैसे अजून आलेले नाहीत. पुढची तारीख पडली आहे. मालकाचा स्टेटस भावाने म्यूट केलाय. मागच्या रविवारी तो उपासनेला आला, शेवटच्या बाकावर बसला, गाणी काही म्हटली नाहीत. मीही काही विचारलं नाही. घरी येताना म्हणाला, "ताई, तो दुसरा अध्याय राहिलाय आपला."