अंधार हळूहळू व्हावा

नाटकाला गेला असाल तर आठवत असेल. तिसरी घंटा होते आणि प्रेक्षागृहातले दिवे खटकन विझत नाहीत, ते मावळत जातात. तेवढ्या चार-पाच सेकंदांत माणसं सावरून बसतात, राहिलेलं खोकून घेतात, कुजबुज थांबते. हे मावळणं आता घरात आलंय. तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्येसुद्धा एक बेडरूम होम थिएटरला दिली जाते. मी घरांच्या वायरिंगची कामं घेतो. माझा अनुभव असा, की प्रोजेक्टर आणि स्पीकर निवडायला लोक महिना-महिना घालवतात. स्विचचा विषय निघाला की म्हणतात, ‘ते तुमचं तुम्ही बघा.’ आज बोलायचंय ते त्याबद्दलच.

मुळात उजेडाची एवढी काळजी कशाला? कारण प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. तो फक्त उजेड टाकतो. चित्रातला काळा म्हणजे पडद्याचा तेवढा भाग नुसता सोडून दिलेला. खोलीत ट्यूब चालू असेल तर तो काळा राखाडी दिसणार, मग प्रोजेक्टर कितीही महागाचा आणा. टीव्हीचं जरा वेगळं आहे. तिथे मिट्ट काळोखात डोळे शिणतात. टीव्हीच्या मागे, भिंतीवर पडेल असा मंद पांढरा उजेड बरा. तो 6500 केल्व्हिनच्या आसपासचा घ्यावा, कारण चित्रातला पांढरा त्याच मापाचा धरलेला असतो. बाकी खोलीला 2700 ते 3000चा पिवळसर.

आता डिमर. जुन्या काळी दिवा मंद करायचा म्हणजे वाटेत रेझिस्टन्स घालायचा, आणि वाचलेली वीज उष्णता होऊन वाया जायची. 1959 साली अमेरिकेत जोएल स्पायरा यांनी घरच्या स्विचच्या डब्यात मावेल असा इलेक्ट्रॉनिक डिमर तयार केला. त्याची युक्ती सोपी आहे. आपल्याकडची वीज 50 सायकलची, म्हणजे सेकंदाला 100 अर्ध्या लाटा. डिमर प्रत्येक लाटेचा थोडा थोडा भाग कापतो. जुन्या बल्बची तार सेकंदाच्या शंभराव्या भागात थंड होत नाही, त्यामुळे डोळ्याला कापाकापी कळतच नाही.

एलईडीचं तसं नाही. त्याच्या पोटात स्वतःचा ड्रायव्हर असतो, आणि कापलेली लाट घ्यायची त्याची तयारी नसेल तर दिवा लुकलुकतो, गुणगुणतो, नाहीतर अर्ध्यावरच विझतो. 2015च्या उजाला योजनेनंतर एलईडी घरोघरी पोचले, पण साधे बल्ब डिमरसाठी नसतात. खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलेलं पाहूनच घ्या. डिमरवरचे वॅटही वाचा, आणि नुसते जास्तीत जास्त नव्हे, कमीत कमीसुद्धा. जुन्या बल्बसाठी केलेल्या कित्येक डिमरना 40 किंवा 60 वॅट तरी लागतात. सात-सात वॅटचे सहा दिवे लावले तर बेरीज होते 42! लाटेचं पुढचं टोक कापणारे आणि मागचं कापणारे असे डिमरचे दोन प्रकार आहेत. एलईडीला बहुधा मागचं कापणारा मानवतो. बहुधा म्हणतो, कारण जोडी जुळते की नाही हे लावल्यावरच कळतं. एक डिमर आणि एक दिवा आणून आधी टेबलावर लावून पाहा, बाकीचे मग घ्या.

आणखी एक. मीटरवर उजेड पावपट उरला तरी डोळ्याला तो निम्मा वाटतो. म्हणून दहा टक्क्यांपर्यंत उतरणारा दिवा सिनेमाला फारसा मंद वाटत नाही. शेवटच्या टोकाला किती उतरतो ते विचारा.

‘पंख्याचा रेग्युलेटर लावला तर?’ हे मला हमखास विचारतात. मॉड्युलर पट्टीवर दोन्ही जुळ्या भावांसारखे दिसतात खरे. पण हल्लीच्या टप्प्याटप्प्याच्या रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतात, ते मोटरच्या हिशेबाने. दिव्याला तो लावू नये.

सर्वांत जास्त वेळ द्या तो दिव्यांच्या वाटणीला. छताचे वेगळे, बाजूच्या भिंतींचे वेगळे आणि पायरीचे अगदी स्वतंत्र. मागची रांग उंचावर घेतली की पायरी येते, आणि ती काळोखात दिसत नाही. उजेडातून काळोखात आल्यावर डोळा पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, वय झालं की आणखी. एका घरी सगळे दिवे रिमोटवर होते आणि रिमोट मुलाच्या हातात. आजोबा मध्येच उठायचे ते भिंत चाचपत. पुढे त्यांनी सिनेमाला येणंच सोडलं. कारण विचारलं तर ‘आवाज फार असतो’ म्हणायचे. तिथे पायरीला एक-एक वॅटचे, खाली तोंड केलेले दिवे दिले, डिमरशिवाय. दाराशी स्विच दिला, आणि जिन्याच्या दिव्याला करतात तसा त्याचा जोडीदार खुर्चीशेजारी. आजोबा आता येतात, पण क्रिकेट असेल तरच.

फोनवर, आवाजावर चालणारे स्विच जरूर घ्या, पण दाराशी हाताने दाबायचं बटण राहू द्या. असल्या बहुतेक स्विचना डब्यात न्यूट्रल लागते. आपल्याकडे सॉकेट असलेल्या बोर्डात ती असते. नुसत्या स्विचच्या डब्यात बऱ्याचदा आणलेलीच नसते. भिंतीत झिऱ्या मारलेल्या असतानाच वायरमनला ती ओढायला सांगा, जोडीच्या स्विचच्या तारांसकट. प्लास्टर झाल्यावर तेच काम दुप्पट खर्चाचं होतं. इंडिकेटर असलेले स्विच पडद्याच्या बाजूला नकोत. काही इंडिकेटर थोडी वीज झिरपू देतात आणि बंद केलेला एलईडी रात्रभर मिणमिणत राहतो. लोक मग दिवा बदलत बसतात.

रंगारी यायच्या आधी एका संध्याकाळी प्रोजेक्टर लावून सगळे दिवे एकेक करून उतरवून पाहा. भिंतीवरच्या दिव्याचा झोत पडद्यावर येत असेल तर तो दिवा तेव्हाच वीतभर मागे सरकवता येतो.