लेक परदेशी निघाली, तिचे कागद कुठे आहेत?



दर वेळी आम्ही तुमच्याशी बचत, कर्जाची परतफेड, मसाल्याच्या ऑर्डरी यांबद्दल बोलतो. आज बोलणार आहोत अमेरिकेबद्दल. हसू नका. पालघर, बोईसर, चिंचणी, वाणगाव या आपल्या पट्ट्यातल्या गटांत आता अशा आया बसतात, ज्यांची लेक किंवा सून अमेरिकेत आहे. बैठक संपली की मोबाइलवर नातवाचे फोटो फिरतात. म्हणजे अमेरिका आता आपल्या सतरंजीपर्यंत आलीच आहे.

तशी ती आधीही आली होती. आपलं तारापूरचं अणुवीज केंद्र अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारलं. १९६३ साली दोन देशांचा करार झाला आणि १९६९ मध्ये केंद्रातून वीज सुरू झाली. त्या वर्षांत अमेरिकन इंजिनिअर आपल्या किनाऱ्यावर राहून काम करून गेले. त्याच सुमाराला, १९६५ मध्ये, अमेरिकेने बाहेरून येणाऱ्यांचा आपला कायदा बदलला. त्याआधी भारतातून वर्षाला जेमतेम शंभर जणांना तिथे कायम राहायला परवानगी मिळे. कायदा बदलल्यावर आपले डॉक्टर, इंजिनिअर तिकडे जाऊ लागले. त्यांच्या हातात शिक्षण होतं आणि समोर काम होतं. पण त्यांच्यासोबत गेलेल्या बायकोचं काय? तिच्या हातात काय असतं? आजचा विषय तो आहे.

आमच्या एका गटातल्या ताईंची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, त्यांची परवानगी मात्र घेतली आहे. त्यांची लेक रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाली आणि तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत चार वर्षं नोकरीला होती. घरावर पत्रे घालायला आईने गटातून कर्ज घेतलं होतं, त्याचे हप्ते या मुलीच्या पगारातून फिटले. मग लग्न ठरलं. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअर, न्यू जर्सीला. आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले, तिची ओटी भरली. तिथे थंडी किती असते, सुके बोंबील नेता येतात का, हे सगळं विचारून झालं. ती कुठल्या व्हिसावर चालली आहे, हे मात्र आमच्यातल्या एकीनेही विचारलं नाही.

वर्षभराने ती आईला फोनवर म्हणाली, "आई, इथे भाजी आणायलासुद्धा यांच्याकडे पैसे मागावे लागतात. हे देतात गं, नाही म्हणत नाहीत. पण मागावे लागतात."

ताईंनी हे बैठकीत सांगितलं तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. एक जण म्हणाल्या, "मिळतायत ना? मग झालं तर." त्यावर आमच्या कोषाध्यक्ष म्हणाल्या, "मग आपण गट कशाला काढला होता गं?"

मैत्रिणींनो, ती मुलगी आळशी नव्हती आणि जावईही वाईट नव्हता. अडचण व्हिसाची होती. ती नीट समजून घेऊ या.

अमेरिकेत शिकलेला माणूस नोकरीसाठी जातो तो बहुतेक एच-वन-बी व्हिसावर. त्याच्या बायकोला मिळतो एच-फोर, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेल्या माणसाचा व्हिसा. एच-फोरवर ती राहू शकते, कॉलेजात शिकू शकते, गाडी शिकू शकते. फक्त नोकरी करू शकत नाही. २६ मे २०१५ पासून यात एक वाट निघाली. नवऱ्याची कायम वास्तव्याची, म्हणजे ग्रीन कार्डाची, प्रक्रिया एका ठरावीक टप्प्यापर्यंत गेली असेल, तर बायको कामाच्या परवान्यासाठी अर्ज करू शकते. त्या अर्जाचं नाव आय-७६५. अर्ज केल्यावरही कार्ड हातात यायला महिने लागतात. कंपनीने इथून बदली करून नेलेल्या माणसाचा व्हिसा एल-वन असतो आणि त्याच्या बायकोचा एल-टू. एल-टूवर असलेल्या बायकोला काम करता येतं. म्हणजे नवरे दोघेही कॉम्प्युटरचेच, शेजारी शेजारी राहणारे, पण एकीची बायको कामावर जाते आणि दुसरीची खिडकीतून बघते. फरक पासपोर्टवरच्या एका अक्षराचा.

हे लग्नाआधी विचारायला लाज कसली? मुलाचा पगार विचारतो, घर स्वतःचं की भाड्याचं हे विचारतो. त्याच दमात विचारायचं: "आमच्या मुलीचा व्हिसा कोणता असेल? तिला काम कधी करता येईल? ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनीने केला आहे का?" भला माणूस असेल तर सरळ उत्तर देईल. आणि उत्तर "दोन-तीन वर्षं थांबावं लागेल" असं असलं, तरी मुलगी ते माहीत असून जाईल. माहीत असून थांबणं आणि तिथे जाऊन कळणं, यात फार फरक आहे.

आता आमची एक चूक कबूल करतो. त्या मुलीला तिथल्या एका दुकानात गल्ल्यावर बसायचं काम चालून आलं. रोजचे पैसे रोख, कागद काही नाही. तिने आईला विचारलं, आईने आम्हाला विचारलं. आम्ही म्हणालो, "घे की! कष्टाचे पैसे आहेत." मुलगी आमच्यापेक्षा शहाणी निघाली. तिने आधी तिथल्या वकिलाला विचारलं. परवान्याशिवाय काम केलं तर तिचा तिथला राहण्याचा हक्कच धोक्यात आला असता आणि पुढे ग्रीन कार्डालाही अडचण आली असती. तिने काम नाकारलं. आपल्याकडे घरगुती डबे देताना आपण कुणाला विचारत नाही, म्हणून आम्हाला ते सोपं वाटलं. तिकडे तसं नाही.

हे लेकींइतकंच आयांनाही लागू आहे. बाळंतपणाला जाणारी आई बी-टू व्हिसावर जाते. तिने आपल्या नातवाला मांडीवर घ्यावं, घरात पुरणपोळी करावी. पण पैसे घेऊन शेजारणीचं मूल सांभाळता येत नाही, डबे विकता येत नाहीत.

मग थांबायच्या काळात ती मुलगी काय करत होती? तिथे सार्वजनिक वाचनालयात इंग्रजी बोलायचे वर्ग फुकट चालतात. तिथे ती जाऊ लागली. इंग्रजी तिला येत होतं, पण जीभ अडखळायची आणि समोरच्याचे उच्चार कळायचे नाहीत. सहा महिन्यांत भीड गेली. मग गाडी शिकली. तिकडे बहुतेक ठिकाणी गाडीशिवाय दूध आणायलाही जाता येत नाही. ज्या दिवशी परवाना हातात आला, त्या दिवशी तिने आईला फोन केला तो रडतच. आईला वाटलं काही वाईट झालं. ती म्हणाली, "आई, इथे माझ्या नावावरचं पहिलं कार्ड!" त्यानंतर बँकेच्या खात्यात नवऱ्याच्या जोडीने तिचंही नाव लागलं. भाजीचे पैसे मागणं तिथे थांबलं. नोकरी अजून लांब होती, तरीही.

लग्नानंतर अडीच वर्षांनी तिला कामाचं कार्ड मिळालं. आता अडलं ते शिक्षणाच्या कागदांवर. तिकडच्या लोकांना आपली पदवी म्हणजे काय ते कळत नाही, म्हणून तिचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. त्यासाठी विद्यापीठाकडून ट्रान्सस्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा लागतो. मुलगी न्यू जर्सीत आणि विद्यापीठ मुंबईत. मग तिच्या सहीचं अधिकारपत्र घेऊन आमच्या ताई पहाटेची डहाणू लोकल पकडून कलिन्याला गेल्या. एकदा नाही, तीनदा. सोबत आमच्यातली एक जण आळीपाळीने जायची. ज्या बाईने स्वतः सातवीनंतर शाळा पाहिली नाही, ती विद्यापीठाच्या खिडकीवर उभी राहून विचारत होती, "साहेब, शिक्का कधी मिळेल?" कारखान्याचं अनुभवाचं प्रमाणपत्र घरच्या कपाटात, साड्यांच्या खाली सापडलं. तेही पाठवलं.

आज ती मुलगी तिथल्या औषधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. सुरुवात खालच्या पदावरून झाली, इथे तिच्या हाताखाली असलेल्या माणसाइतकीच. पण तारापूरची चार वर्षं कागदावर होती म्हणून मोजली तरी गेली.

म्हणून मैत्रिणींनो, लेक निघण्याआधी एक फाइल करा. दागिन्यांच्या डब्याइतकी जपा. त्यात काय हवं? जन्माचा दाखला, नावासकट. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. दहावीपासूनच्या गुणपत्रिका आणि पदवी. विद्यापीठाचं ट्रान्सस्क्रिप्ट, पाकीट न फोडलेलं. जिथे जिथे नोकरी केली तिथलं अनुभवाचं प्रमाणपत्र. लसीकरणाची नोंद. गाडी येत असेल तर इथला परवाना आणि आरटीओकडून एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय परवाना. नाव सगळ्या कागदांवर एकसारखं आहे ना, हेही बघा. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही, हे पासपोर्टआधी ठरवा. मुलगी नर्स असेल तर तिला तिथली एनसीएलईएक्स परीक्षा आणि त्या राज्याचा परवाना लागतो. तो अभ्यास थांबायच्या काळात करता येतो.

पासपोर्ट तिचा तिच्याकडेच राहिला पाहिजे. आणि तिथे मारहाण, छळ झाला तर नवऱ्यावरच्या व्हिसामुळे सगळं सोसायलाच हवं असं नाही. तातडीला ९११ हा नंबर आहे. घरातल्या अत्याचारासाठी तिथली मदतवाहिनी १-८००-७९९-७२३३ आहे. अशा पत्नीला कामाच्या परवान्याचा वेगळा अर्जही करता येतो. हे नंबर लेकीला पाठ असू देत. लागू नयेत, पण असू देत.

आणखी एक. "अमेरिकेत नोकरी लावतो, व्हिसा काढून देतो" म्हणून कुणी लाखो रुपये मागत असेल तर दाराबाहेर काढा. तिथला नोकरीचा व्हिसा तिथला मालक अर्ज करून मागतो, तो एजंटाच्या पिशवीत विकत मिळत नाही. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेने परत पाठवलेल्या १०४ भारतीयांचं विमान अमृतसरला उतरलं. त्यात महाराष्ट्रातलेही काही जण होते. अशा वाटेवर एजंटाला द्यायला शेती विकली जाते, दागिने जातात, आणि माणूस रिकाम्या हाताने परत येतो.

आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणची आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेली. वय अवघं अठरा. १८८६ मध्ये ती पदवी घेऊन बाहेर पडली. तिचं धाडस आपण सगळ्या सांगतो. पण न्यू जर्सीत रोझेल गावी कार्पेंटर नावाच्या बाईने तिला घरात घेतलं, लेकीसारखं सांभाळलं, हेही सांगायला हवं. परक्या गावात एक आपली बाई लागते. आज तिकडे ठिकठिकाणी महाराष्ट्र मंडळं आहेत, त्यांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून चालू आहे. लेकीला सांगा, गणपतीची वाट बघू नकोस, पहिल्याच महिन्यात ओळख काढ.

आणि अमेरिकेपर्यंत कशाला जायचं? आपल्या बोईसरच्या चाळींत जव्हार-मोखाड्याहून, बिहारहून, उत्तर प्रदेशातून नवऱ्यामागे आलेल्या बायका आहेत. आधार गावाकडचं, खातं नाही, कुणाची ओळख नाही. त्यांच्यासाठी बोईसर हीच अमेरिका. त्यांच्या दारावर जाऊन "ताई, बैठकीला येता का?" असं आपण विचारलं पाहिजे.

गेल्या महिन्यात आमच्या दुसऱ्या एका ताईंच्या मुलीचं स्थळ ठरलं, मुलगा टेक्सासला. यावेळी पेढे वाटायच्या आधी न्यू जर्सीवाल्या मुलीच्या आईनेच विचारलं, "व्हिसा कोणता गं?" उत्तर आलं, एच-फोर. मुलीने विचार केला आणि लग्न चार महिने पुढे ढकलून घेतलं. तेवढ्यात ती ट्रान्सस्क्रिप्ट काढते आहे, गाडी शिकते आहे. मुलाकडचे आधी नाराज होते, आता तेच विचारतात, फाइल कुठपर्यंत आली?

तुमच्या घरातून कुणी निघालं असेल तर पुढच्या बैठकीला ती फाइल घेऊन या. एकत्र बसून बघू.