गोखल्यांची यादी

तरुण मित्रहो, दरवर्षी तुम्ही साहेबासाठी स्वमूल्यमापनाचा तक्ता भरता; त्यात नामुष्कीला रकाना नसतो. १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तावरील गोऱ्या सोल्जरांवर केलेले आरोप सिद्ध करता न आल्याने गोपाळ कृष्ण गोखले यांना जाहीर माफी मागावी लागली. वय अवघे एकतीस. ५ फेब्रुवारी १८९८ रोजी त्यांनी स्वतःपुरते संकल्प लिहिले : योगाभ्यास, इतिहास-तत्त्वज्ञानाचे अध्ययन, मग मुंबईचे कायदेमंडळ, वरिष्ठ कायदेमंडळ, थेट ब्रिटिश पार्लमेंट! (यादी जरा हावरटच.) पार्लमेंट राहिले. मात्र १९०२ च्या अर्थसंकल्पावर बोलताना, दुष्काळी रयतेवर जादा कर लादून साधलेल्या शिलकीचा हिशेब त्यांनी सरकारपुढे मांडला, तो आकड्यांनिशी. पुराव्यावाचून बोलण्याची किंमत त्यांनी मोजलेली होती. १९०३ मध्ये मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला. ते भाषण मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवले; ही यादी कधी सांगितली नाही.