ती का गेली नाही?

(शिरवणे, नवी मुंबई इथे वाचकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझी कथा आपण सगळ्यांनी वाचली आहे असं धरून चालतो. तरी जे वाचता वाचता झोपले असतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शिरवणे गावठाणात भाड्याच्या खोलीत राहणारं एक मुसलमान कुटुंब आहे. अब्बा, अम्मी आणि दोन मुली. मुलींना मी नावं दिली नाहीत, थोरली आणि धाकटी एवढंच. थोरली महामार्गापलीकडे एमआयडीसीतल्या एका कंपनीत हिशेब बघते. तिला बंगळूरहून जास्त पगाराची नोकरी येते. ती जात नाही. गोष्ट धाकटी सांगते. संपली कथा.

तुमच्या चिठ्ठ्या मी वाचल्या. हस्ताक्षरं वेगवेगळी, पण प्रश्न तीनच आहेत. एक : आपल्या मुली आता पुढे चालल्या आहेत, मग थोरलीला इतकं दुबळं का दाखवलं? दोन : अब्बांना गप्प बसवून तुम्ही लोकांच्या हातात कोलीत का दिलं? 'मुसलमानाच्या घरात असंच असतं' म्हणायला ते तयारच असतात. तीन : शेवटी तरी तिने बोलायला हवं होतं, ती बोलत का नाही?

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे 'ॲप चालत नाही' अशी तक्रार आली की आम्ही विचारतो, कुठल्या स्क्रीनवर? तुम्ही काय दाबलं? काय व्हायला हवं होतं आणि काय झालं? कथेबद्दलही असंच विचारावं असं मला वाटतं. 'मला हे आवडलं नाही' आणि 'मला हे पटलं नाही' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. थोरली गेली असती तर तुम्हाला आवडलं असतं, मलाही आवडलं असतं. त्यावर माझ्याकडे इलाज नाही. पण ती असं वागेल हे पटत नसेल, तर उत्तर द्यायला मी बांधील आहे, आणि ते उत्तर कथेतच सापडलं पाहिजे.

पहिला प्रश्न घेऊ. कथेच्या दुसऱ्या पानावर खोलीच्या कराराची गोष्ट आहे. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार. महाराष्ट्रात तो लेखी करून नोंदवावा लागतो, हे इथे भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. या कुटुंबाने आधी तीन घरं बघितली. फोनवर सगळं ठरायचं, नाव सांगितलं की 'अहो, ते घर कालच गेलं.' चौथ्या वेळी गावठाणातल्या एका मावशींनी खोली दिली. त्यांनी थोरलीचं कंपनीचं पत्र बघितलं आणि करार तिच्या नावावर केला. अब्बा रिक्षा चालवायचे, आता गुडघ्यांमुळे बंद आहे. म्हणजे त्या घरात पगाराचा कागद असलेली व्यक्ती एकच आहे. ती बंगळूरला गेली तर घराला पुन्हा त्याच दलालांच्या दारात उभं राहावं लागेल.

थोरलीचं कारण हे आहे. कुणाच्या हुकमाची इथे गरज पडली नाही, आणि धर्माचा कुठला नियमही आड आला नाही. ती भित्रीही नाही. तिने हिशेब केला, आणि हिशेब हाच तिचा धंदा आहे.

आता या मावशींकडेही बघा. एका चिठ्ठीत विचारलंय, 'घरमालकीण इतकी चांगली कशी?' मी तिला चांगली दाखवलेलंच नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी इथल्या गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. जिथे भात पिकायचा तिथे सेक्टर आले. मावशींच्या सासऱ्यांचं शेत त्यात गेलं. उरली गावठाणातली घराची जागा, आणि तिच्यावर बांधलेल्या दोन खोल्या. आता ती भाडी हेच मावशींचं पीक आहे. म्हणून त्या नावाआधी पगाराचं पत्र बघतात. त्यांच्या वागण्यात मोठं मन शोधू नका, गरज शोधा. दोन गरजू घरं एका कागदावर सह्या करतात, हे मला बंधुभावाच्या भाषणापेक्षा खरं वाटतं.

तुम्ही म्हणाल, लेखकाने आपल्या पात्रांची वकिली करावी का? मराठीत ही जुनी रीत आहे. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ साली आली. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४ साली खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालं. त्या कादंबरीच्या निमित्ताने खांडेकरांनी वाचकांशी सविस्तर संवाद केला आहे. महाभारतातली कथा आपण जशीच्या तशी का घेतली नाही, कचाला इतकं महत्त्व का दिलं, आजच्या सुखामागे धावणाऱ्या माणसात आपल्याला ययाति कसा दिसला, हे सगळं ते सांगतात. महाभारतात कच संजीवनी विद्या घेऊन निघून जातो. खांडेकर त्याला परत आणतात, कारण भोगात बुडालेल्या राजासमोर त्यांना संयमाचा माणूस उभा करायचा आहे.

खांडेकरांचं स्पष्टीकरण वाचावं, पण त्यावर थांबू नये. कादंबरीत बोलतात ती तीन माणसं : ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. ज्याला लेखक आदर्श मानतो तो कच स्वतः निवेदन करत नाही. ज्यांचे हेतू गुंतलेले आहेत त्यांनाच तोंड मिळालं आहे. त्यामुळे लेखकाचा कल कचाकडे असला तरी वाचक भांडतो देवयानीवरून. ती गर्विष्ठ आहे की दुखावलेली? उत्तर लेखकाच्या मनोगतात शोधू नका, देवयानीच्या बोलण्यात शोधा.

आता तीच कथा दुसऱ्या हातात बघा. गिरीश कार्नाड आपल्या शेजारचे, जन्म माथेरानचा. त्यांचं 'ययाति' हे कन्नड नाटक १९६१ साली प्रसिद्ध झालं, खांडेकरांच्या कादंबरीनंतर दोनच वर्षांनी. पण त्यांनी बोट ठेवलं ते मुलावर. बापाचं म्हातारपण आपल्या अंगावर घेणाऱ्या पुरूवर. आणि त्यांनी पुरूला एक बायको दिली, चित्रलेखा. पुरूने तारुण्य दिलं, त्याचं कौतुक झालं, पण ज्या मुलीचा नवरा एका रात्रीत म्हातारा झाला तिला कुणी विचारलं? नाटकात ती जीव देते. गोष्टीत एक माणूस वाढवला आणि सगळ्यांच्या हेतूंचा रंग बदलला.

कार्नाडांनी स्वतःबद्दल पुढे एक गोष्ट सांगितली आहे. ते नाटक त्यांनी ऑक्सफर्डला शिकायला जायच्या दिवसांत लिहिलं. मुलगा परदेशी जातोय, परत येईल का, या काळजीने घरात ताण होता. आईवडिलांसाठी मुलाने आपलं आयुष्य द्यावं या अपेक्षेचा राग नाटकात उतरला, हे त्यांना नंतर उमगलं. म्हणजे पात्र का वागलं याचं उत्तर लेखकालाही कधी कधी उशिरा कळतं. त्यामुळे मी आज सांगतोय ते थोरलीबद्दलचं शेवटचं उत्तर आहे असं समजू नका. माझं उत्तर हे एका वाचकाचं उत्तर आहे. फरक इतकाच की मी ती कथा तुमच्यापेक्षा जास्त वेळा वाचली आहे.

पण कार्नाडांची चित्रलेखा डोक्यात ठेवून अब्बांकडे या. हा तुमचा दुसरा प्रश्न.

कथेत अब्बा 'जाऊ नकोस' म्हणत नाहीत. पत्र आलं त्या संध्याकाळी ते टीव्हीचा आवाज वाढवतात. एका ताईंनी चिठ्ठीत लिहिलंय, 'कराराचं कारण देऊन तुम्ही बापाला सोडून दिलंत.' मी त्यांना सोडलेलं नाही. आपल्या घरांत नकार असाच दिला जातो. कुणी नाही म्हणत नाही, म्हणून नाही म्हटल्याचा दोषही कुणाला लागत नाही. अब्बा एक वाक्य बोलू शकले असते : 'तू जा बेटा, घराचं मी बघतो.' गुडघे दुखतात, जीभ दुखत नाही. त्यांच्या गप्प बसण्यामागे मुलीवरची माया आहे, तिच्या पगाराची सवय आहे आणि थोडी शरमही आहे. तिन्ही खऱ्या आहेत. म्हणून थोरलीच्या न जाण्याला दोन कारणं आहेत. एक बाहेरून आलेलं, जे दलाल फोनवर सांगतो. दुसरं आतलं, जे टीव्हीच्या आवाजात आहे.

आता कोलीत देण्याबद्दल. आपल्याकडे लिहिणाऱ्याला दोन्हीकडून दटावणी असते. आपले म्हणतात, घरातलं बाहेर सांगू नका. बाहेरचे म्हणतात, फक्त घरातलंच सांगा, आम्ही कसे वागतो ते राहू द्या. हमीद दलवाईंची 'इंधन' १९६५ साली आली. बऱ्याच काळानंतर कोकणातल्या आपल्या गावी परतलेला मुसलमान निवेदक, आणि डोळ्यांदेखत पेटत जाणारं गाव. दलवाईंच्या विचारांशी तुम्ही सहमत असा वा नसा, कादंबरीकार म्हणून त्यांनी एक गोष्ट केली. हिंदू असो वा मुसलमान, कुठल्याच बाजूला निव्वळ सोज्वळ ठेवलं नाही. माणसं जमिनीसाठी, मानासाठी, वासनेसाठी वागतात आणि नंतर त्याला धर्माचं नाव चिकटतं. पुढे १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. आपलं जगणं आपण मराठीत, आपल्या तोंडाने सांगू, ही त्यामागची गरज होती. आपल्या तोंडाने सांगायचं म्हणजे आपली फक्त बाजू सांगायची असं नव्हे. मी कराराचं पान काढून टाकलं असतं तर सगळा दोष अब्बांवर गेला असता, आणि टीव्हीचा आवाज काढला असता तर सगळा दलालावर. दोन्ही वेळा कथा कुणाला तरी सोयीची झाली असती, आणि थोरलीच्या बाबतीत खोटी.

तिसरा प्रश्न : ती बोलत का नाही? विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मधली बेणारे आठवा. खेळ म्हणून सुरू झालेला खटला तिच्या खऱ्या आयुष्यावर येतो. सगळे तिच्या वागण्याचे हेतू ठरवतात, आणि शेवटी तिला बोलायला दहा सेकंद देतात. ती गप्प राहते. मग ते लांबलचक स्वगत येतं, ज्यात ती सगळं सांगते. ते स्वगत नाटककाराला आधी लिहायचं नव्हतं, दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहामुळे ते लिहिलं गेलं, ही हकीकत नाट्यवर्तुळात प्रसिद्ध आहे. पण रचना अशी आहे की ती बोलत असताना बाकीचे थिजलेले असतात. ऐकतो फक्त प्रेक्षक. कोर्टासाठी ती एक शब्दही बोललेली नाही, आणि निकाल ठरलेलाच आहे.

थोरलीला मी स्वगत दिलं नाही, कारण तिच्यापाशी ऐकणारी धाकटी आहे. दिवे घालवल्यावर ती धाकटीला एवढंच सांगते, 'करार संपायला अजून सात महिने आहेत.' काहींना ते हार मानणं वाटलं. मला ते मोजणं वाटतं. जी मुलगी महिने मोजतेय तिने विषय संपवलेला नाही. आणि धाकटी ते वाक्य लक्षात ठेवते, म्हणून तर ही गोष्ट आपल्यापर्यंत येते.

जाता जाता एक मागणं. कथेतल्या माणसाला आपण 'का?' विचारतो, तेवढी सवलत जिवंत माणसाला क्वचित देतो. आपल्याबद्दलची कारणं बाहेर तयार असतात : शिकली नाही, कारण मुसलमान. घर सोडलं नाही, कारण मुसलमान. आपल्याला राग येतो, आणि तो यायलाच हवा. पण आपणही तेच करतो. हिने बुरखा सोडला म्हणजे नक्कीच हवा लागली. तिने घातला म्हणजे नक्कीच कुणी घालायला लावला. त्याने दाढी ठेवली, त्याने काढली, आपली कारणं तयार. एकालाही दहा सेकंद मिळत नाहीत.

म्हणून पुढच्या बैठकीला जी कुठली कथा वाचाल ती वाचताना तीन गोष्टी करा. ज्या पात्राचा राग आला त्याचं कारण त्याच्या तोंडून एका वाक्यात लिहून आणा. ज्याला कुणी काही विचारलंच नाही, असं एक पात्र शोधा. आणि लेखक समोर असेल तर त्याला विचारा, 'हे कुठल्या पानावर आहे?' पान दाखवता आलं नाही तर त्याचं म्हणणं मानू नका. ही अट मलाही लागू आहे. पुस्तिका सगळ्यांच्या हातात आहे, तेव्हा आता प्रश्न विचारा.