रसिकतेची वर्गणी
(कल्याण येथील एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



कलारसिक आणि संग्राहक यांच्या खासगी क्लबांविषयी आज बोलावयाचे आहे. लोकलच्या दांडीला लोंबकळून पोट भरणाऱ्या या नगरांत पाण्याचा आणि निवाऱ्याचा प्रश्न सुटलेला नसताना ही चैनीची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. परंतु ज्या विचाराने श्रमिकाला भाकरी मागावयास शिकविले, त्यानेच फुरसत आणि सौंदर्य हेही त्याच्या हक्काचे मानले. त्या हक्काची वाटणी कशी होत आहे, हे पाहणे आपले काम आहे.

सभासदत्व आपणांस नवे नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. कल्याणच्या वाचनालयानंतर दोनच वर्षांनी, १८६६ मध्ये, लंडनमध्ये बर्लिंग्टन फाइन आर्ट्स क्लब स्थापन झाला. संपन्न संग्राहकांनी आपापल्या संग्रहातील वस्तू एकमेकांस दाखवाव्यात आणि त्यांवर चर्चा करावी, हा त्याचा हेतू. तिथली प्रदर्शने विद्वत्तापूर्ण होती, हे मान्य केले पाहिजे. तरीही १९५२ मध्ये तो क्लब बंद पडला आणि आपले वाचनालय टिकले. योगायोग असा की, त्याच १९५२ साली मुंबईत कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभी राहिलेली जहांगीर आर्ट गॅलरी सर्वांसाठी उघडली. पैसा येथेही धनिकाचाच होता. फरक दाराचा होता. वाचनालयाची वर्गणी दार उघडे ठेवण्यासाठी असते, क्लबाची वर्गणी दार लावून घेण्यासाठी.

अर्थशास्त्रात क्लबाचा एक सिद्धान्त आहे. जेम्स ब्यूकॅनन यांनी तो १९६५ मध्ये मांडला. पोहण्याचा तलाव घ्या. माणसे वाढली की खर्च वाटला जातो, पण गर्दीही होते. म्हणून सभासदसंख्येला मर्यादा घालणे शहाणपणाचे ठरते. हे तर्कशास्त्र चित्राला कितपत लागू पडते? दहा जणांनी चित्र पाहिले म्हणून अकराव्याच्या वाट्याचे रंग कमी होत नाहीत. मग मर्यादा कशासाठी? त्याचे उत्तर थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्येच देऊन ठेवले आहे. इतरांना जे मिळत नाही ते आपणांस मिळते, हे दाखविणे हाच पुष्कळदा उपभोगाचा गाभा असतो. अशा क्लबात चित्र हे निमित्त. खरा विकाऊ माल म्हणजे वगळलेपणा. २०१८ मध्ये जुहूला लंडनच्या अशाच एका क्लबाची शाखा उघडली, आणि घोडबंदर रस्त्यावरील संकुलांच्या जाहिरातींत ‘क्लबहाऊस’ हा शब्द घराच्या क्षेत्रफळाइतकाच ठळक असतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. संग्राहक नसते तर चित्रकार जगले असते काय? १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह गटाला युरोपातून आलेल्या श्लेझिंगर, लायडन, लँगहॅमर यांच्यासारख्या मूठभर रसिकांनी हात दिला, हा इतिहास आहे. त्यांचे ऋण मी नाकारीत नाही. पण ते चित्र नावारूपाला येण्याआधी घेत होते. आजचा खरेदीदार बहुधा नाव झाल्यावर येतो, आणि वाढलेली किंमत ज्याने रंगविले त्याला न मिळता ज्याने सांभाळले त्याला मिळते. हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ एका डॉक्टरांनी १९५४ मध्ये दिल्लीत घेतले आणि १९६४ मध्ये ओस्लोच्या रुग्णालयाला दिले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे ११८ कोटी रुपये आले. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३-अ आले. त्यानुसार दहा हजार रुपयांवरील पुनर्विक्रीत चित्रकाराला वा त्याच्या वारसांना दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. हा हक्क कागदावरून बाजारात उतरलेला क्वचितच दिसतो. कलेच्या प्रेमाने जमलेल्या क्लबांनी त्यासाठी आवाज उठविला असता, तर त्यांच्या रसिकतेवर माझा अधिक विश्वास बसला असता.

दुसरी वाट आपल्याच परिसरात आहे. गेटवेजवळचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा (१९६१) घडविणारे सदाशिव साठे कल्याणचे. त्यांनी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांच्या शेजाराला, शिल्पालय उभारले. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती अशा साध्या वस्तूंचा आयुष्यभर जमविलेला संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. आणि कल्याणपासून काही स्थानकांवर अंबरनाथचे १०६० सालचे शिवालय आहे. ते कोरणाऱ्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत, आणि त्या काळी त्याचे दार सर्वांना खुले होते अशी माझी समजूतही नाही. पण आज कोणीही कामगार सुट्टीच्या दिवशी मुलाचे बोट धरून ते शिल्प पाहू शकतो. बंद दारे उघडतात. मात्र ती आपण होऊन उघडत नाहीत.

म्हणून तीन मागण्या. सार्वजनिक भूखंड किंवा करसवलत घेणाऱ्या प्रत्येक क्लबाने आठवड्यातून एक दिवस आपल्या भिंती नागरिकांसाठी खुल्या ठेवाव्यात. पुनर्विक्रीतील चित्रकाराचा वाटा वसूल होईल अशी यंत्रणा शासनाने उभारावी. आणि १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने पुस्तकांना जसे अनुदान दिले, तसे वाचनालयांना चित्रे विकत घेऊन सभासदांना घरी नेऊ देण्यासाठी द्यावे. जर्मनीत अशी चित्रे उसनी देणारी केंद्रे चालतात. ठाणे नगरपालिका १९७८ मध्ये गडकरी रंगायतन उभारू शकली. आजच्या श्रीमंत महापालिकांना एवढे जड जाऊ नये.

दोन खोल्यांच्या घरातल्या भिंतीवर महिनाभर एक अस्सल चित्र टांगले जावे, पुढच्या महिन्यात ते शेजारच्या चाळीत जावे आणि त्यासाठी वाचनालयाच्या वर्गणीपलीकडे काही मोजावे लागू नये, एवढेच माझे मागणे आहे. असा क्लब निघाला तर त्याचा पहिला सभासद मी होईन.